शिशातली काळी पट्टी

३ जून, सकाळी
उशिराबद्दल माफ कर, वही. जानेवारीपासून रोज लिहायचं ठरलं होतं. जानेवारीत पेन सापडेना, फेब्रुवारीत चष्मा, पुढे ब्लडप्रेशर. आता मात्र नेमानं लिहिणार. सूनबाई सायंटिस्ट आहे, तिच्या लॅबमध्ये मला हेल्पर म्हणून घेतलंय. आमची ही म्हणते, घरी बसून सगळ्यांचं डोकं खाता म्हणून सूनबाईनं शब्द टाकला. साफ खोटं. भांड्यांच्या कारखान्यात जन्मभर स्टीलला पॉलिश केलं, तो अनुभव त्यांना हवा असणार.

४ जून
काम समजून घेतलं. भट्टीत शिसं वितळवून ठेवलंय, अगदी पाण्यासारखं. त्यात तऱ्हेतऱ्हेच्या पोलादाच्या पट्ट्या वर्षभर बुडवल्यात. पुढेमागे अणुभट्टी थंड ठेवायला पाण्याऐवजी असलं शिसं नळांतून फिरवायचं, तेव्हा नळ टिकतील का, ते बघायचंय. सूनबाई म्हणाली, बाबा, शिसं पोलादातलं निकेल ओढून घेतं, पोलाद पोखरतं. पण पट्टीवर पातळ काळपट थर धरला की शिशाला आत शिरता येत नाही. मी मान डोलावली. काळपट थराला आमच्याकडे मळ म्हणत. शिकलेल्या माणसांना नाव मोठं लागतं.

७ जून
झोप नाही. शिशाची वाफ छातीत गेली असावी. डॉक्टर म्हणाले, भट्टी बंद असते ना, काचेच्या पलीकडे? असते. पण काचेचा काय भरवसा. उद्यापासून दोन मास्क.

८ जून
दोन मास्कमुळे चक्कर आली. टेक्निशियन म्हणाला, आजोबा, एक काढा, नाहीतर पट्ट्यांआधी तुमचाच रिपोर्ट लिहावा लागेल. उद्धट आहे. एक काढला, पण त्याच्या सांगण्यावरून नाही.

१४ जून
पट्ट्या बाहेर काढल्या. बाकीच्यांना खड्डे पडलेत. सूनबाईचा सगळा जीव एका पट्टीत. ते पोलाद तिनं स्वतः तयार केलंय, ॲल्युमिनियम घालून. गुरुवारी कमिटी येणार. ही पट्टी पसंत पडली तर प्रोजेक्ट चालू, नाहीतर गुंडाळणार. पट्टी पाहिली. खड्डा एकही नाही, पण काळी ठिक्कर.  असली वस्तू पाहुण्यांपुढे ठेवायची?

१५ जून, दुपारी
सूनबाई मीटिंगला गेली. जाताना म्हणाली, बाबा, ट्रे कपाटात ठेवा, पट्ट्यांना हात लावू नका. लावला नाही. हातमोजे घातले. पॉलिशची पेस्ट घरून नेलीच होती. घाम निघेपर्यंत घासली. आरसा झाला. दाढी वाढलीय हे त्यातच पाहून कळलं. उद्या सत्कार करू म्हणाले तर आधी नको म्हणायचं. एकदाच.

१६ जून
कमिटी बघतच राहिली. मोठे साहेब म्हणाले, थर कुठे गेला? मी पुढे होऊन सांगितलं, काढला, सगळा. कुणी टाळी वाजवली नाही. सूनबाई खुर्चीत बसली. मग हळूच म्हणाली, बाबा, तो थरच तर दाखवायचा होता. पट्टी टांगायचं भोक आहे ना, त्याच्या आतूनही घासलंत? मी म्हणालो, अर्थात. अर्धवट काम आपल्याला जमत नाही. तिनं पट्टी रुमालात गुंडाळली. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

१८ जून
सूनबाई पट्टी घेऊन सकाळीच हेड ऑफिसच्या गावी गेली. सोमवारी तिथे सांगणार की दाखवायला काही उरलं नाही. मुलगा माझ्याशी बोलत नाही. तो तसाही कमीच बोलतो. ही म्हणाली, तुम्ही आणि पुरं काम? पंखा पुसता तेव्हा एक पातं नेहमी राहतं. मी पेपर वाचत राहिलो. उलटा होता.

१९ जून, सकाळी
सूनबाई फोन उचलत नाही. मेसेज पाठवतोय. चूक नको म्हणून आधी इथे लिहून काढला.
'पोरी, पट्टी टाकून देऊ नकोस. भोकात मी घासलं नाही. बोट आत जाईना, चहाही आला होता. तिथला थर शाबूत असेल. लोकांसमोर कमीपणा नको म्हणून तसं बोललो. मायक्रोस्कोपखाली नीट बघ आणि काय दिसतं ते लवकर कळव. टेक्निशियनला सांगू नकोस.'