परसातलं खोटं गवत

१६ फेब्रुवारी, शहादा

ऐक, कागदा! तुझ्यावर लोक भरभरून लिहितात आणि घडी घालून ठेवून देतात. मला भरभरून बोलू देतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. आपलं ऐकून कोणी काही करत नाही, हे आपल्या दोघांचं दुःख.

आजची तक्रार परसाची. नवं गवत घालून पंधरा दिवस झाले आणि त्याला मुताचा वास येतोय. रोज पाइपने धुते. धुतलं की जास्तच!

गवत म्हणजे प्लास्टिकचं. लिहितानाही लाज वाटते. शेतातली काळी माती वीटभट्ट्यांना विकू नका म्हणून गावोगाव घसा फोडणारी मी, आणि माझ्याच मातीवर प्लास्टिक! पण गेल्या एप्रिलमध्ये फौजदारचा मागचा पाय भेगेत अडकला. तेरा वर्षांचा म्हातारा कुत्रा. आमची काळी उन्हात अशी फाटते की हात कोपरापर्यंत आत जातो. पाणी मारावं तर चिखल. माझ्या तत्त्वांपायी त्यानं लंगडायचं? नाही! कुत्र्यामांजरांसाठीचं, तळाला भोकं असलेलं गवत मागवलं.

काम रूपचंदला दिलं. तो बांधकामाचे ठेके घेतो, आणि अठरा वर्षं माझ्या सभांचा माईक आणि कर्णा त्याच्याच खांद्यावर. वीतभर माती काढायची, खडी भरायची, वर दगडाची बारीक कच पसरायची, धुम्मसनं ठोकून उतार काढायचा, मग गवत — हे सगळं त्यानंच मला समजावलं. काळीत पाणी मुरत नाही म्हणून. घालताना मी नवापूरच्या दौऱ्यावर होते.

१९ फेब्रुवारी

रूपचंद येऊन गेला. गवतावर टाच दाबून पाहिली. पचकन् आवाज झाला. मग माझ्याकडे पाहिलं.

"ताई, पानी थोडं कमी टाका."

एवढंच! चहाही घेतला नाही.

२४ फेब्रुवारी

फौजदारच्या बोटांच्या बेचक्यात जखमा. डॉक्टर म्हणाले, पाय सतत ओले राहतात.

घरी येऊन सुरीनं गवताचा कोपरा उचकटला. खडी नाही. कच नाही. एक खडासुद्धा नाही! गवताच्या पाठीला चिकटलेली थेट काळी माती — फुगलेली, लिबलिबीत, सडका वास. तीन आठवडे धुतलेलं सगळं तिथंच साचलेलं. खोदलेलंच नाही!

मी तिथंच बसले. फौजदार येऊन हात चाटत होता. त्याला काय कळणार, त्याच्या पायाखाली काय घातलंय ते.

२५ फेब्रुवारी

फोन केला. "का केलंस असं?"

मी पुन्हा विचारलं,

"खडी कुठं गेली? बोल ना!"

"ताई, राहू द्या. मी सगळं नवं करी देसू." मग, "फौजदारना पाय कसा शेतस?"

मी फोन ठेवला. परक्यानं फसवलं तर माणूस भांडतो. घरच्यानं फसवलं तर आधी आपलीच अक्कल तपासतो. अठरा वर्षं!

२ मार्च

कळसाडीची सभा. दोनशे माणसं. विषय वीटभट्ट्यांचा. पण बोलता बोलता माझी जीभ वळली आणि मी ती वळू दिली.

"माती भट्टीवाले नेतात ते दिसतं तरी! पण आपल्यातलेच, वरून हिरवं अंथरून खाली सडकं ठेवणारे? त्यातला एक इथंच उभा आहे. माझ्या माईकपाशी!"

आणि नाव घेतलं. सगळं सांगितलं. पुढच्या रांगेतून धुडकूआप्पा ओरडले, "ताई, ते गवत ढोरं खातीन का?" हशा. टाळ्या. इतक्या टाळ्या मला वर्षभरात मिळाल्या नव्हत्या.

रूपचंद हलला नाही. माझं संपेपर्यंत आवाजाचं बटण धरून उभा होता. शेवटी कर्णा थोडा शिट्टी मारू लागला, तर त्यानं तो नीट केला! मग वायर गुंडाळली, पेटी बंद केली, निघून गेला.

३ मार्च

शांत झोप लागली. अन्याय बोलून टाकला की लागतेच.

९ मार्च

पुरुषोत्तमनगरची सभा माईकशिवाय. तिसऱ्या रांगेपलीकडे आवाज पोचला नाही. दुसऱ्या कोणाला सांगायचं सुचलंच नव्हतं.

२८ मार्च

गवत उचलायला माणूस मिळत नव्हता. सगळे होळीला डोंगरात. आज मोलगीहून रायसिंग परतला. हे गवत घालणारा तोच! बरा सापडला. दारातच धरला.

"काय रे, खोदलं का नाही?"

"बाई, तुम्हीच 'नको' बोलल्या ना!"

"मी? कधी?"

"फोनवर. रूपचंदभाऊंनी आम्हाला ऐकवलं. कुदळ मारलीच होती, तुमचा आवाज आला तशी थांबवली. मी बोललो, पाणी कुठं जाईल? भाऊ बोलले, ताई सांगतात ना, मग तसंच."

मी त्याला खोटारडा म्हणाले. तो हसला. "बाई, फोन तुमच्याकडे आहे. बघा."

२९ मार्च

पाहिला. दिवसाला वीस निरोप पाठवते मी. कोणते आठवतात?

३१ जानेवारी. आधी त्याचं लिहिलेलं: 'ताई, माती न्यायला उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय.' खाली माझा आवाज, जीपच्या खडखडाटात, चाळीस सेकंद.

"भट्टीवाल्यांना मी शिकवायचं आणि माझ्याच परसातली माती ट्रॅक्टरनं जायची? एक टोपलंही दाराबाहेर जाता कामा नये, रूपचंद! खोदूच नका!"

त्यानं लिहिलं, 'ताई, पाणी मुरणार नाही.'

मी लिहिलं, 'वाद नको.'

३० मार्च

कळसाडीला हा निरोप त्याच्या खिशात होता. कर्णा त्याच्या हातात होता. एक बटण दाबलं असतं तर दोनशे माणसं मला हसली असती. त्यानं माझाच आवाज मोठा ठेवला.

आता मलाच सांगते — ऊठ, कामिनी! आज कळसाडीला जा, त्याच चौकात माणसं गोळा कर आणि तो चाळीस सेकंदांचा निरोप कर्ण्यावरून सगळ्यांना ऐकव. वर एक शब्दही बोलू नकोस.