तिरकं अक्षर

४ मार्च

आलं एकदाचं ते यंत्र! म्हणजे यंत्र कसलं — आमच्या एक्स-रेच्या खोलीतल्या कॉम्प्युटरमध्येच काहीतरी घातलंय. मी छातीची फिल्म काढायची, ते क्षणात सांगणार. लाल चौकोन म्हणजे आजार, हिरवी खूण म्हणजे निरोगी. कंपनीचा माणूस म्हणाला, "तुमच्याच दहा वर्षांच्या फिल्मांवर शिकलंय, ताई." आयत्या बिळावर नागोबा! मोठे डॉक्टर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी हे.

९ मार्च

चार लाल चौकोन. चारही खरे निघाले. सगळे खूश. मला मात्र कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटतं. ज्या चौघांवर मला शंका होती, नेमके तेच चौघे?

११ मार्च

ह्यांच्या खोकल्याचा तिसरा आठवडा. शर्टाची कॉलर सैल झालीय. शेवटी ओढतच नेलं त्यांना, फिल्म मीच काढली.

हिरवी खूण! "बघ. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं, तसं तुझं. यंत्राचं ऐक जरा!" — हे. चार घास जास्त जेवले. मीही जेवले.

१२ मार्च

माझा अजून विश्वास नाही त्याच्यावर. रात्रभर खोकत होते.

१६ मार्च

चोर सापडला!

नोकरीच्या तपासणीला एक धडधाकट गडी आला. लाल चौकोन! फिल्म निरखून पाहिली. उजवी बाजू कळावी म्हणून कडेला शिशाचं अक्षर चिकटवतो, ते घसरून तिरकं झालं होतं. सरळ लावून पुन्हा काढली — हिरवी खूण.

तो तिरकेपणा माझा आहे! पेशंटची चाल, धाप, नखं बघून शंका आली, की मी अक्षर मुद्दाम तिरकं लावते. मोठ्या डॉक्टरांना इशारा — नीट बघा. इतकी वर्षं आम्हा दोघांतच राहिलेली गोष्ट. ते मेलं फुप्फुस बघतच नाही, माझा संशय बघतं!

दवाखान्याच्या साहेबांना सांगितलं. "बघू," म्हणाले.

१७ मार्च

ह्यांची फिल्म घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या घरी गेले. त्यांनी ती खिडकीशी धरून निरखली. मग एका जागी बोट ठेवलं. म्हणाले, "अक्षर तर सरळ आहे, ताई. तुम्हाला शंका नव्हती आली?"

आली होती. फार आली होती. म्हणूनच तर जीव मुठीत धरून सरळ लावलं.