रिमोटचे दोन सेल

३ मे, संध्याकाळ ७.४०
आज राहत्या घरात माझ्या नागरी हक्कांवर घाला पडला. मॅच ऐन रंगात आणि रिमोट मुका! दोन्ही सेल गायब. आरोपी: सौ. भावना. मुद्देमाल तिच्या नव्या मनगटी बीपी मशीनमध्ये सापडला. आकडा १७२/१०४. म्हणजे मशीन खराब.
डॉक्टरीणबाईंनीच डोक्यात भरवलं: पाळी जायच्या वयात बीपी चढतं, सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजून तक्ता आणा. म्हणे अंगातून गरम वाफा निघतात. मे महिन्यात नागपुरात माझ्याही निघतात.

४ मे
सेल जप्त करून रिमोटमध्ये घातले. "मंग मले नवे आणून द्या जी. तुमचं ऑफिस सीताबर्डीच्या बाजारातच तर आहे." उद्या नक्की.
संकल्प: तिच्या तब्येतीचा चार्ज आजपासून माझ्याकडे. तक्ता मीच लिहिणार. हेडक्लार्कचं अक्षर आहे.

६ मे
सेल राहिले. पारा पंचेचाळीस. कूलरसमोर बसूनही तिला घाम, डोकं ठणकतं. म्हटलं, खिशात कांदा ठेव. "गाऊनले खिसा कुठून आणू जी?" थट्टा सुचते, म्हणजे बीपी नॉर्मल.

९ मे
सेल राहिले. उद्या डॉक्टर आणि तक्ता कोरा. महिनाअखेरीस ऑफिसात मस्टर भरतो तसा बसून भरला. चौदा आकडे, तीन पेनं, एके जागी खाडाखोड. १२४/८०, ११८/७८. तीन तारखेचाही सुधारून घेतला.

१० मे
विजय! दवाखान्यात १६६ निघालं. पण तक्ता बघून बाई म्हणाल्या, घरी चांगलं आहे, इथे घाबरून चढत असेल. गोळी तूर्तास नको, मोजत राहा.
ऑटोत भावना हळूच म्हणाली, "हे आकडे कोनाचे होते जी?"
म्हटलं, तिथेच बोलायचं होतं.
"डॉक्टरसमोर तुमाले खोटं पाडू?"

१८ मे
उजव्या हाताला मुंग्या येतात म्हणे. पोळ्या लाटून येत असतील. उद्या सोमवार. सेल नक्की.

१९ मे
दुपारी ऑफिसात फोन. शेजारच्या प्रयागबाई. "लवकर या भाऊ, भावनाच्या हातातून लाटनं पडलं. तिले बोलता नाही येऊन राहिलं."

२१ मे
वॉर्डातल्या डॉक्टरांनी जुना तक्ता मागितला. दिला. म्हणाले, बीपी तर उत्तम होतं, मग लकव्याचा झटका कसा आला? नोंदी मात्र छान ठेवल्यात, म्हणाले, आणि कागद परत दिला. मी त्याची घडी घातली. भावना माझ्याकडेच पाहत होती. तोंड वाकडं झालंय. आज तिला मला खोटं पाडायचं असतं, तरी जमलं नसतं.

दुपारी ३
तिचे गाऊन न्यायला घरी आलो. रिमोटमधले सेल काढून मशीनमध्ये बसवले. मेमरीचं बटण दाबलं. एकच आकडा. १७२/१०४.
तक्त्यातले चौदाही खोडले. खाली हा एक लिहिला. अक्षर नीट आलं नाही.
कागद आणि मशीन पिशवीत टाकलं. वॉर्डात डॉक्टर पाचपर्यंत असतात.