एक दार, दोन डबे

मंगळवार, ता. ४

साखर दोन किलो ८-४०. चहापूड पाव किलो ५-००. साबणाच्या दोन वड्या १-७५. वड्या पूर्वीपेक्षा बारीक झाल्यात, दुकानदार म्हणतो तुमच्या नजरेचा दोष! देवासाठी तेल ३-२५.

बेबी काल कॉलेजला गेली ती अजून घरी नाही. पळाली-बिळाली नाही, सभेत बसली आहे. विद्यार्थी परिषदेची सभा काल दुपारी सुरू झाली, ती संपवायचीच नाही असं पोरांनी ठरवलंय म्हणे.

हे ऑफिसातून आले. चपला न काढताच खुर्चीत बसले. म्हणाले, “उद्यापासून माझी ड्यूटी सभागृहाच्या दाराशी. सभा उठली की अध्यक्षाच्या हातात हुकूम द्यायचा. परिषद बरखास्त.”

लेक आत, बाप बाहेर. देवा, ही काय वेळ आणलीस!

बुधवार, ता. ५

नीट समजून घेतलं. न समजता काळजी करणं मला जमत नाही.

दर वर्गाचा एक प्रतिनिधी, असे तीस. बेबी तिच्या वर्गाची. हे तीस जण आपल्यातूनच अध्यक्ष निवडतात, एक सचिव निवडतात. त्या अध्यक्षाला अधिसभेत — म्हणजे जिथे मोठमोठे प्राध्यापक आणि देणगीदार बसतात तिथे — एक खुर्ची आणि एक मत. सगळ्यांच्या वर कुलगुरू. आणि सह्यांचे मालक कुलसचिव, म्हणजे ह्यांचे साहेब.

मी म्हटलं, “म्हणजे कुलगुरू सासरे, कुलसचिव सासूबाई आणि परिषद म्हणजे सून. बोलायचा हक्क आहे, फक्त कोणी विचारेपर्यंत तोंड उघडायचं नाही.” हे हसले. किती दिवसांनी!

भांडण पाण्याचं आहे. मुलींच्या वसतिगृहात कावीळ पसरली. टाकी साफ करा म्हणून अर्ज करकरून मुली थकल्या. मग तिघींनी त्याच टाकीचं पाणी काचेच्या भांड्यात भरलं आणि कुलगुरूंकडे पाहुणे बसले होते त्यांच्यापुढे नेऊन ठेवलं. “घ्या, आम्ही हेच पितो.” झालं! साहेबांनी तिघींची नावं कॉलेजातून काढून टाकली. आता त्यांची दाद मागायची तर ती अध्यक्षानंच, आणि अधिसभेतच. अधिसभा सोमवारी, ह्याच आवारात. त्याआधी परिषद मोडली की अध्यक्ष नाही, दाद नाही, तिघींचं शिक्षण तिथेच संपलं.

चालू सभेत मात्र हुकूम देता येत नाही. तसा नियम आहे. आणि सभा चालू राहायला तिसांतले वीस हवेत. दहांना आईबापांनी ओढून घरी नेलं. उरले बरोब्बर वीस. माझी एक उठली की सगळं कोसळलं.

गुरुवार, ता. ६

दोन डबे घेऊन गेले. एक बाहेर, एक आत.

हे दारापाशी स्टुलावर. शर्टाच्या खिशात हुकुमाचं लांब पाकीट. मला पाहून आधी डब्याकडे हात नाही, “तिनं काल काय खाल्लं?” आत गेले तर बेबी, “बाबांनी गोळी घेतली का?” एकमेकांकडे मात्र बघायचं नाही. मध्ये मी पोस्टमन!

प्रेक्षकांच्या बाकावर कोणीही बसावं, बोलायचं नाही. मी बसले. सभा म्हटली की काहीतरी काम चालू हवं, म्हणून पोरं परिषदेची जुनी इतिवृत्तं आळीपाळीनं मोठ्यानं वाचताहेत. कानावर पडलं ते असं. अगदी आरंभी कुलगुरूच पाच शहाणी मुलं निवडत आणि त्यांचं काम काय, तर पाहुण्यांना हार घालणं. मग निवडणुका आल्या. मग एका वर्षी दगडफेक झाली आणि एक जण भाषण करत असतानाच बरखास्तीचा कागद त्याच्या हातात कोंबला. कित्येक वर्षं परिषदच नव्हती. पुन्हा सुरू झाली तेव्हा पोरांनी हट्टानं हा नियम घालून घेतला — चालू सभेला हात लावायचा नाही.

दुसरा एक नियम ऐकून मला हसू आवरेना. पूर्वी सभासद “आलोच” म्हणून चहाला जात ते उगवतच नसत. म्हणून, बाहेर जाताना चपला-बूट खुर्चीखाली ठेवायचे. माणूस आवाराच्या आत असेपर्यंत हजर धरायचा. अनवाणी माणूस जाऊन जाऊन कुठे जाणार! अजून पाळतात. अध्यक्ष — उंचच उंच पोरगा, सगळे त्याला शिडी म्हणतात — व्हरांड्यात नुसत्या मोज्यांवर नळाकडे निघालेला मी पाहिला. मोज्याला भोक. याची आई कुठे असेल?

शुक्रवार, ता. ७

साहेबांनी ह्यांना आत बोलावलं. “मुलीला घरी घेऊन जा. वडील म्हणून सांगतोय. क्वार्टर ऑफिसची आहे, एवढं लक्षात असू द्या.”

हे मला म्हणाले, “तू जा. सांग, बाबांच्या छातीत दुखतंय.”

मी म्हटलं, “ज्या तोंडानं देवाचं नाव घेते त्यानं तुमचं दुखणं बोलू? आणि लागलं खरं व्हायला म्हणजे?”

“मग रस्त्यावर ये माझ्याबरोबर!”

“येईन की! लग्न करून कुठे आले होते, राजवाड्यात?”

जेवले नाहीत. मीही नाही. सगळं अन्न तसंच.

शनिवार, ता. ८

खरं सांगायचं तर आज तिला आणायचं ठरवूनच गेले होते. क्वार्टर गेली तर जाणार कुठे? ह्यांचं वय काय, नवी नोकरी देणार कोण?

डबा देताना हात लागला. चटका बसला.

“आई, कोणाला सांगू नकोस. साधं पडसं आहे.”

“उठ. चल घरी.”

“आणि त्या तिघींना काय सांगू?”

“मला काय करायचंय त्यांचं! तू माझी आहेस.”

“त्यांच्याही आया असतीलच की गं.”

पदरानं तिचं तोंड पुसलं आणि बाहेर आले. ह्यांनी विचारलं, “बरी आहे ना?” मी म्हटलं, “हो.”

काल केवढी सत्याची पुतळी झाले होते! आज नवऱ्याच्या तोंडावर खोटं बोलले.

रविवार, ता. ९

देवापुढे बसले. काही मागता आलं नाही. कोणाच्या बाजूनं मागायचं?

सोमवार, ता. १०

आजचं सगळं क्रमानं लिहिते.

वाचायची पाळी बेबीची आली. उभी राहिली, दोन ओळी वाचल्या आणि कोसळली. मी बाकावरून उठेपर्यंत दार धाडकन उघडून हे आत. एवढी घोडी झालेली पोर, लहानपणी उचलत तशी उचलली आणि चालू लागले. व्हरांड्यात साहेब उभेच होते, त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी मागून धावतेय. “फाटकाबाहेर रिक्षा आहे! मोठ्या दवाखान्यात न्या!” हे फाटकाकडे गेलेच नाहीत. डावीकडे वळले, आवारातल्या दवाखान्याकडे. तिथे एक डॉक्टर, दोन खाटा! संसारात कधी ओरडले नाही तशी चारचौघांत ओरडले — “पोर मरायला टेकली तरी तुम्हाला ऑफिसच का?” हे तोवर दवाखान्याची पायरी चढलेसुद्धा.

डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं. “तापात पाणी प्यायलेली दिसत नाही. आणलंत ते बरं झालं. उतरेल.” तेव्हा कुठे मी खाली बसले.

तेवढ्यात साहेब पायरीशी. “आत एकोणीसच उरलेत. सभा मोडली. जा, कागद द्या.”

हे खाटेपाशीच उभे. “हजर आहे ती, साहेब. चपला खुर्चीखाली आहेत.”

साहेबांनी बेबीच्या तळव्यांकडे पाहिलं. काळे झालेले. “दाराशी तुम्ही होतात. उद्या लेखी द्यावं लागेल. विचार करून बोला.”

“केला, साहेब. डावीकडे वळतानाच केला.”

अगं बाई! मी काय काय बोलले होते ह्यांना! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “पाणी दे जरा.” तेवढंच.

संध्याकाळी शिडी धावत आला, पायात अजून नुसते मोजेच. अधिसभेनं दाद ऐकली. तिघी परत घेतल्या. टाकी उद्याच रिकामी करणार. दारातच रडायला लागला. मी म्हटलं, “आधी मोजे काढ, शिवून देते.”

ह्यांनी खिशातलं पाकीट काढून बघितलं. घामानं भिजून चिकटलं होतं.

शुक्रवार, ता. १४

बेबीला ताप नाही. भात मागून घेतला.

क्वार्टर सोडण्याची नोटीस आली. महिनाअखेर. टाइप ह्यांनीच केली आहे, साहेबांच्या ऑफिसात टाइप करणारं दुसरं कोण आहे! एक चूक नाही, खाडाखोड नाही. स्वतःच टाइप केली, स्वतःच घरी आणली, माझ्या हातात दिली.

दादाला कार्ड टाकलं. “बेबीचं हे वर्ष अखेरचं आहे, ते पुरं करायचंच आहे. तुझी मागची खोली रिकामी आहे का? आम्ही तिघं आहोत, सामान थोडं आहे. नाही म्हणालास तरी बहीण रागावणार नाही. पण उलट टपाली कळव.”