अकरा मिनिटांचं थोरलेपण

तीर्थस्वरूप वन्संना,

घरातल्या सगळ्यांचे मिळून चार नमस्कार. (पैकी एक सध्या रुसलेला आहे, तो मागाहून पोचेल असं धरावं.) तुमचं पार्सल मंगळवारी मिळालं. आत निघालं ते असं: तुमच्या बंधूंसाठी लोकरीचा स्वेटर एक; थोरलीसाठी शिवणाचा डबा, सुया, बटणं आणि कात्रीसह; धाकटीसाठी रंगपेटी, चोवीस रंगांची; आणि मला जपाची माळ. तिकिटं कमी पडली म्हणून पोस्टमनने दारात आठ रुपये मागून घेतले. माझ्या मनात काही नाही. वहीत आहे.

तुमचे गुडघे कसे आहेत? शेकायचा कंटाळा करू नका. इकडे देवाच्या कृपेने सर्व ठीक आहे, फक्त तुमच्या थोरल्या भाचीने राजीनामा दिला आहे.

नोकरीचा नव्हे, पंधराव्या वर्षी कसली नोकरी? थोरलेपणाचा. झालं असं की पार्सलमधलं तुमचं पत्र तुमच्या बंधूंनी नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचलं. पुढच्या शिक्षणाला एका मुलीची सोय मी करीन, धाकटीला पाठवा, थोरली वहिनीला हाताशी राहील, असं तुम्ही लिहिलं होतंत. थोरली तेव्हा डब्यातली बटणं रंगांप्रमाणे लावत बसली होती. तिने झाकण लावलं आणि म्हणाली, "अकरा मिनिटं आधी जन्मले म्हणून मला सुया, आणि हिला चोवीस रंग?" धाकटी बिचारी घाबरून म्हणाली, "ताई, तू घे ना रंग." तर म्हणे, "ताई म्हणू नकोस मला!"

आता वन्सं, रागावू नका, पण मला तिचं फारसं चुकलेलं वाटलं नाही. जुळ्या, त्याही अशा की तुमच्या बंधूंनी अजून पाठमोरी कोण ते ओळखून दाखवलेलं नाही. जन्मल्या तेव्हा दोघींत एकच फरक होता, तो घड्याळात. बाकीचा आपण केला. थोरली पडली की "मोठी ना तू, रडतेस काय?" धाकटी पडली की उचलून घ्यायची. थोरलीने दूध सांडलं तर "लक्ष कुठे असतं?" आणि धाकटीने सांडलं तर "हात लहान आहेत गं तिचे." (हात मोजायचं कुणाला सुचलं नाही.) सहाव्या वर्षी थोरली सगळ्यांच्या चपला ओळीत लावायला लागली, दहाव्या वर्षी कड्या तपासायला. शाळेतल्या बाई म्हणत, एक किती समंजस आणि दुसरी किती कल्पक! मी मान डोलवायची, जशी काही दुकानातून पारखून आणली होती एकेकीला. आणि तुमची पार्सलं आठवा. तिला छत्री, हिला चाकांचे बूट. तिला गजराचं घड्याळ, हिला बाजा. (बाजा मी विकला. शेजारी आजारी होते.)

तर राजीनामा तिने लेखी दिला. तुमचे बंधू पाणीखात्यात आवक-जावक सांभाळतात हे तुम्ही जाणताच. हातात कागद पडला की त्यांच्यातला बाप उठून जातो आणि कारकून येऊन बसतो. "सेवा पंधरा वर्षं, रजा शून्य, तरी पदमुक्त करावं" असा मजकूर. त्यांनी तो दोनदा वाचला, म्हणाले, "अर्ज रीतसर आहे," आणि खाली शेरा मारला: आठ दिवस प्रायोगिक अदलाबदल. मला कुणी विचारलं नाही. मी कुठल्याच खात्यात नाही.

धाकटीने किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावला. दुसऱ्या दिवशी साखर कुलपात गेली. तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "आई, साबण ओल्यात ठेवतेस, म्हणून झिजतो." मला! एक वडी चाळीस दिवस पुरवणाऱ्या बाईला! चौथ्या दिवशी तुमच्या बंधूंना उंबऱ्यातून परत पाठवलं, चपला वाकड्या काढल्या म्हणून. वर "एवढं मोठं माणूस आणि मीच सांगायचं का?" हे हुबेहूब माझ्या आवाजात. (माझा आवाज असा आहे हे इतक्या वर्षांत मला कुणी सांगितलं नव्हतं.)

आणि थोरली धाकटी झाली. आठ वाजेपर्यंत झोपायचं, असं तिने ठरवलं. सात वाजता जाऊन बघते तो उताणी, डोळे टक्क उघडे, नजर घड्याळावर. म्हटलं, "झोप ना." तर म्हणे, "झोपलेय." दूध वर येतंय असा आवाज झाला, ती माझ्याआधी धावली, गॅस बंद केला आणि परत जाऊन पडली. झोपून राहणंही जबाबदारीने करत होती पोर.

पाचव्या दिवशी मात्र रंगपेटी घेऊन ती मागच्या जिन्यावर बसली ती चार तास उठली नाही. आली तेव्हा कागदावर आमचं स्वयंपाकघर होतं. मला चित्रातलं काही कळत नाही (मॅट्रिकला मी त्या विषयात काठावर पास झाले), पण ओट्याशेजारच्या टेबलाच्या तुटक्या पायाखाली ठेवलेला विटेचा तुकडासुद्धा त्यात होता. आणि टेबलापाशी मी, पाठमोरी. स्वतःची पाठ मी पहिल्यांदाच पाहिली. थोडी वाकली आहे. विचारलं, "कधीपासून येतं गं हे तुला?" म्हणाली, "मला काय माहीत? रंग हातात आले तर कळणार." धाकटी येऊन बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "माझ्यापेक्षा चांगलं काढलंयस." मग जुडगा सावरून, "पण जिन्यावर रंग सांडलेत ते पुसून ये."

काल आठ दिवस संपले. धाकटी किल्ल्या परत देत नाही आणि थोरली मागत नाही. तुमचे बंधू म्हणतात, शेऱ्यात पुढची तरतूद नाही. तुमच्याकडे कुणी यायचं हा प्रश्न आहे तिथेच आहे. देवापुढे रोज बसते, पण त्याला विचारायचा धीर होत नाही. कारण खरं काय ते त्याला ठाऊक आहे, आणि थोडं मलाही.

तुमची आज्ञेतली,
भावजय

ता. क. ते खरं असं. इस्पितळात तुम्ही थोरलीच्या पायाला लाल लोकर बांधली होती. आठव्या दिवशी दोघींना एकाच टबात घातलंत आणि लोकर पाण्यावर एकटीच तरंगत आली. मी डोळे मिटून होते, पण जागी होते. तुम्ही दोघींकडे आळीपाळीने पाहिलंत आणि जी कमी रडत होती तिच्या पायाला ती परत बांधलीत. नणंदेला कोण विचारणार, म्हणून मी पंधरा वर्षं गप्प बसले. आता एवढंच सांगा, ओळखलंत कशावरून? कार्डावर लिहू नका, पोस्टमन वाचतो.

दुसरा ता. क. तिकीट आणेपर्यंत पत्र देवाच्या तसबिरीमागे ठेवलं होतं. तसबीर पुसायला थोरली गेली (सवय, दुसरं काय) आणि तिने ते वाचलं. पोट धरून हसली. आठ दिवसांत पहिल्यांदा. मग डोळे पुसून मला हळूच म्हणाली, "आई, हे धाकटीला कळू देऊ नकोस हं. तिला फार लागेल."

तिसरा ता. क. धाकटीने ते तिच्याही आधी वाचलं होतं. आत्ता पाकिटासाठी डिंक आणून देताना माझ्या कानाशी लागली, "ताईला बोलू नकोस. ती मनाला लावून घेते."

तेव्हा वन्सं, आता घरात दोन थोरल्या आहेत आणि धाकटी कुणीच उरलेली नाही. लोकरीचं उत्तर पाठवू नका, आठवलं तरी. तुमच्याकडे खाट एकच असली तरी हरकत नाही, भिंतीकडे कोण झोपणार ते त्यांचं त्या ठरवतील, आणि चोवीस रंग दोघींना पुरतील. मला हाताशी कुणी नको. साबण कोरडा ठेवायला मी शिकले आहे. दोघींना पाठवू का, तेवढं उलट टपाली कळवा, आणि कृपा करून तिकिटं पुरेशी लावा.