राईपुरतं हक्कसोड

मलकापूर, ता. १०-२-७४

चि. सौ. विजूस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. इकडं समदी खुशाल. तिळगूळ पोचला का, ते तुझी वहिनी लीला विचारतीया.

कामाची गोष्ट अशी. डोंगराकडची आपली राई कोळशाच्या ठेकेदाराला द्यायचं ठरवलंय. झाडं गेली की रान मोकळं, भुईमूग पेरता येईल. आबा गेल्यावर सातबाऱ्यावर तुझंबी नाव लागलं, म्हणून राईपुरतं तुझं हक्कसोड पायजे. समद्याच बहिणी भावाला लिहून देत्यात, त्यात नवं काय न्हाई. रविवारी ये, सोमवारी कराडला सही कर, लीला पुरणपोळ्या करंल. माया हाय तशीच ठेव.

तुझा दादा, हंबीरराव


माधवनगर, ता. १८-२-७४

तीर्थरूप दादास विजूचा शि. सा. नमस्कार. वि. वि. तिळगूळ पोचला, पण तुझं पत्र वाचून तोंड कडू झालं.

सही करणार न्हाई. उसातला वाटा मी कवा मागितला? मागणार बी न्हाई. राई मात्र सोडत न्हाई. बहात्तरला गावच्या विहिरी आटल्या तवा समद्यांनी घागरी कुठं भरल्या? राईतल्या झऱ्यावरच की! तू पलटणीतनं रजेवर आलास आन् त्या गारव्यात दुपारभर घोरलास. इसरलास व्हय रं?

आमच्या शेजारी शाळेत शास्त्र शिकवणाऱ्या बाई राहत्यात. त्या सांगत होत्या, झाड हवेतला कर्बवायू ओढून त्याचंच लाकूड करतंय, पानांतनं वाफ सोडून हवा गार ठेवतंय. जाळलं की साठवलेलं समदं परत हवेत. राईतली कुजल्या पानांची काळी माती बी तसलंच कोठार. आन् धूर वर गेला म्हंजे संपला, हे मला तरी सांगू नकोस. गिरणीच्या धुराड्याखाली राहते मी. ह्यांची धोतरं दोरीवरच करडी होत्यात.

पुरणपोळ्या तूच खा. राग आला तरी लोभ राहू दे.

तुझी हट्टी विजू


मलकापूर, ता. १-३-७४

सौ. विजयमालास आशीर्वाद. मुंबई-पुण्याचे कारखाने रातंदिस धूर वकत्यात, आन् आभाळ बिघडणार ते माझ्या राईनं? तुझ्या बाईंना माझा नमस्कार सांग, दुरूनच. भावकीत मान खाली गेली माझी.

वाळक्या झाडांची भट्टी लावा म्हणून ठेकेदाराला सांगितलंय. वाळक्याला तुझी सही लागत न्हाई. नागपंचमीला तुला न्यायला कोणी येणार न्हाई. लोभाचं मागनं बघू.

हंबीरराव


माधवनगर, ता. ६-३-७४

तीर्थरूप दादास नमस्कार. न्यायला येऊ नकोस. एस.टी. काय तुझ्या मालकीची न्हाई. येईन आन् राईतल्या फणसाखाली बसेन, निम्मी राई अजून माझी हाय. एवढं मात्र ऐक, त्या पाल्याच्या मातीवर भट्टी लावू देऊ नकोस. माती पेटली तर विझणार न्हाई. वहिनीला जप.

तुझीच विजू


मलकापूर, ता. २९-३-७४

चि. सौ. विजूस अनेक आशीर्वाद. तुझं पत्र हातात पडलं तवा भट्टी पेटली होती.

ठेकेदाराची माणसं कोळसा काढून गेली, पण आग खाली मातीत शिरली. जाळ न्हाई, नुसता धूर. पाय ठेवला की वहाण तापायची. समदं गाव धुरात. लीला खोकून बेजार. मला म्हणाली, नणंदेचं माहेर तोडलंत, आता मला माझ्या माहेरी घालवा. मग गावानं चर खणला, झऱ्याचं पाणी वाहून वतलं, तवा कुठं विझली. झरा वाचला, तुझा फणस बी. पल्याडचे हिरडे मुळासकट गेले. किती पिढ्यांचा पाला असंल, डोळ्यांदेखत आभाळात गेला. लय वाईट वाटलं गं. बाईंचं खरं होतं.

ठेकेदार तोंड वर करून परत आला. म्हणला, निम्मी जळालीच हाय, उरलेली देऊन टाका. त्याला च्या सुदीक पाजला न्हाई. काल कराडला जाऊन राईपुरतं हक्कसोड लिहून आलो. तुझं न्हवं, माझं. आता समदी राई तुझ्या एकटीच्या नावावर. भावानं बहिणीला हक्कसोड दिलं म्हणून भावकी दात काढतीया. काढू दे!

पंचमीला न्यायला मीच येतो. लोभ ठेवलास, तसाच ठेव.

तुझा दादा, हंबीरराव

ता. क. ठेकेदार तिकडं येईल. पत्ता मीच दिलाय. त्याला काय सांगायचं, ते तुला चांगलं येतंय.