डाव्या हाताचं दान

डोर्ड्रेख्त, ११ जानेवारी १८६८, शनिवार
३ फेब्रुवारीला कलामंडळाच्या अध्यक्षाची निवड. त्याच संध्याकाळी बैठक. टेबलाभोवती छापचित्रं हातोहात फिरणार आणि त्यातलं सामाजिक भाष्य मी उलगडणार. दुसरा उमेदवार तेरवोख्त नुसती कागदाची जाडी चाचपतो. अध्यक्ष मीच.
जळणवाल्या म्हातारीला दर शनिवारसारखा शिळा पाव दिला. समोरच्या खिडक्यांत माणसं येईपर्यंत थांबलो. चांगलं उदाहरण लोकांना दिसायला हवं.

१४ जानेवारी
चित्र फायनल. आपल्याच गावातल्या ब्लोम नावाच्या पोरसवदा चित्रकाराचं. एक ढेरपोट्या दारात उभा राहून गरीब म्हातारीला पाव देतोय, नजर मात्र समोरच्या खिडक्यांवर! असली ढोंगी माणसं आपल्या गावात असावीत, लाज वाटते.
आणि पाव डाव्या हाताने! मागचा चांभारही डाव्या हाताने हातोडी मारतोय. थिअरी सुचली: सगळा समाजच उलटा झालाय. यावर तासभर बोलता येईल.

२० जानेवारी
हिलेगोंडाला चित्र दाखवलं. म्हणाली, अहो, हे आपलंच दार की! समजावलं, की आपली पायरी डावीकडे, ही उजवीकडे. माझ्या कोटाचं ठिगळ उजव्या कोपराला, याचं डाव्या. ती हसली आणि वाटाण्याचं सूप ढवळायला गेली. बायकांना बारकावे दिसत नाहीत.

२७ जानेवारी
अध्यक्षाला शोभेल असा नवा कोट शिवायचं ठरवलं होतं. रद्द. ठिगळ कोण बघतंय?
ब्लोमलाही बोलावलंय. बिचाऱ्याला स्वतःच्या चित्राचा अर्थ तरी कळेल.

४ फेब्रुवारी
काल भाषण रंगलं. ढोंग्याला सोलून काढला. डाव्या हातावर आलो, तेवढ्यात ब्लोम उठला. म्हणाला, साहेब, रागावू नका, पण तांब्याच्या पत्र्यावर सरळ कोरलं की कागदावर उलटं उमटतं. मी उलटं कोरायचा कंटाळा केला.
तेरवोख्तने लगेच चित्र भिंतीवरच्या आरशापुढे धरलं. पायरी डावीकडे गेली. ठिगळ उजव्या कोपरावर आलं. सगळे माझ्या कोपराकडे बघायला लागले. मी हात पाठीमागे घेतला.
अध्यक्ष तेरवोख्त.

८ फेब्रुवारी, शनिवार
आज ताजा पाव द्यायचा, आणि कोणी बघत नसताना. पक्कं ठरवलं. खिडकीबाहेर लावलेल्या आरशात रस्ता पाहिला. समोरच्या सगळ्या खिडक्या माणसांनी गच्च. रिकाम्या व्हायची वाट पाहत बसलो. दार वाजवून वाजवून म्हातारी निघून गेली. फार वाईट वाटलं.
पाव सुपात बुडवून मीच खाल्ला. हिलेगोंडाने विचारलं, अहो, आता तरी कोणी बघत नाहीये ना?